कामानिमित्त वऱ्हाडात आलात, तर जेवायचं कुठे आणि कसं

अमरावतीत किंवा अकोल्यात कामाला आलेल्या माणसाचं जेवण बहुतेक एकाच पद्धतीनं फसतं. लॉजवर बॅग टाकायची, खालच्याच एसी रेस्टॉरंटमध्ये शिरायचं, जाडजूड मेनूकार्ड उघडायचं आणि पनीर बटर मसाला, दाल तडका, जीरा राईस सांगून मोकळं व्हायचं. हेच त्यानं गेल्या आठवड्यात नाशकात खाल्लेलं असतं आणि पुढच्या आठवड्यात रायपुरात खायचं असतं. मग पुण्या-मुंबईला परत गेल्यावर सांगायचं, की तिकडे खायला काही मिळत नाही बुवा. मिळतं, आणि भरपूर मिळतं. पण ते मेनूकार्डावर छापलेलं नसतं.

वऱ्हाडी माणूस घराबाहेर जेवायला जातो तेव्हा त्याला घरच्यासारखं नको असतं, म्हणून रेस्टॉरंटवाले पंजाबी आणि चायनीज ठेवतात. धंद्याच्या दृष्टीनं त्यात त्यांचं काही चुकत नाही. खरं वऱ्हाडी जेवण राहिलं ते मेसमध्ये, छोट्या भोजनालयांत, सकाळच्या हातगाड्यांवर, रस्त्याकडेच्या ढाब्यांवर आणि शेतातल्या पंगतीत. या सगळ्यांचं एक वैशिष्ट्य आहे: ते घड्याळावर चालतात आणि बरंचसं आधी सांगून ठेवावं लागतं. म्हणून इथं कुठे जेवायचं यापेक्षा कधी जायचं आणि काय विचारायचं हे आधी कळलं पाहिजे.

सुरुवात सकाळपासून. लॉजच्या भाड्यात नाश्ता धरलेला असला तरी एक दिवस तो सोडा. साडेसात ते साडेनऊ या वेळात अमरावतीत राजकमल चौक, इर्विन चौक, बडनेरा स्टेशनचा परिसर किंवा अकोल्यात टॉवर चौक आणि बसस्थानकाच्या आसपास चक्कर मारा. ज्या गाडीभोवती लोक उभ्यानं खाताना दिसतील तिथं थांबा. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा, वर बारीक कांदा आणि शेव, बाजूला लिंबाची फोड. हेच ते तर्री-पोहे. नागपूरवाले ते आपलेच म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. दुसरी गोष्ट आलुबोंडा. तो इथं पावात दाबून खात नाहीत. प्लेटमध्ये फोडतात आणि वरून रस्सा किंवा कढी ओततात. गाडीवाला विचारेल, "कढी का रस्सा, भाऊ?" पहिल्या दिवशी कढी म्हणा. दहाच्या पुढे गेलात तर पातेल्याच्या तळाचं मिळेल, साडेदहानंतर गाडीच दिसणार नाही. अमरावतीत असाल तर संध्याकाळी गिला वडा चुकवू नका. पाण्यात मुरवून मऊ केलेले डाळीचे वडे, वर दही आणि चटणी. दहीवड्याचाच नातेवाईक, पण दहीवड्याची चटणी एवढी झोंबत नाही.

दुपारचं जेवण हा खरा मुद्दा आहे, आणि त्यासाठी माझा सल्ला मेसचा. अमरावती हे विद्यार्थ्यांचं शहर. इथं संत गाडगेबाबा विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, 1914 पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका तर गल्लोगल्ली. गाडगेनगर, कठोरा नाका या भागांत म्हणूनच घरगुती मेस पुष्कळ. अकोल्यात तोष्णीवाल ले-आउट आणि रामदासपेठ हे शिकवण्यांचे भाग, तिथंही तेच. मेसची गिऱ्हाइकं महिनेवारीची असली तरी एका ताटाचे पैसे घेऊन पाहुण्याला वाढायला बहुतेक मेसवाल्या काकू तयार असतात. अट एकच, सकाळी दहाच्या आत सांगायचं. मेसमध्ये कणीक माणसं मोजून भिजवतात. दीड वाजता दारात उभं राहून "जेवण आहे का?" विचारलंत, तर नाही म्हणणाऱ्या काकूंचा दोष नाही.

लॉजच्या काउंटरवरच्या मुलाला विचारा, तो स्वतः कुठे जेवतो. पाहुण्यांना कुठे पाठवतो, ते विचारू नका. मग फोन लावा: "काकू, दुपारी एक ताट जास्तीचं. भाकर मिळेल का?" उत्तर बहुधा असं येईल: "भाकर रातच्याले असते बाप्पा, आता पोळ्याच हाय." तर रात्रीची भाकर सांगून ठेवा. ज्वारीची भाकर आणि चून, म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचं पिठलं, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. दिवसभर लोकांच्या कॅबिनमध्ये बसून चहा-बिस्किटांनी पोट बिघडलेलं असतं, त्याला यासारखं औषध नाही.

मेसच्या ताटात काय असतं ते एकदा नीट बघा. मध्ये भाताची मूद, त्यावर घट्ट वरण. एक रस्सा भाजी, एक सुकी. कडेला फल्लीची किंवा जवसाची चटणी, लिंबू, कांदा. यातलं वरण साधं समजू नका. वऱ्हाडात कपाशी आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरतात, आणि ती तूर भरडण्याचं मोठं केंद्र म्हणजे अकोला. डाळमिलसाठी हे गाव ओळखलं जातं. ज्या गावात डाळ बनते तिथं वरण पातळ करून वाढण्याची कुणाची छाती होत नाही. पहिले चार घास वरण-भाताचे घ्या आणि मगच रस्सा भाजीला हात घाला. हे मी आवड म्हणून सांगत नाही. रिकाम्या पोटी थेट तर्री गेली, तर तीन वाजताच्या बैठकीत तुमचं लक्ष बोलणाऱ्याकडे राहणार नाही.

तर्रीबद्दल थोडं सविस्तर. बाहेरून आलेल्यांची भीती इथंच असते. रश्श्यावर तरंगणारं जे लाल तेल, ती तर्री. तिखटाचा रंग आणि जाळ तेलात उतरतो, म्हणून रश्श्याचा बराचसा तिखटपणा वरच्या थरात असतो. वाढणारा पोरगा बादलीत पळी घालतो तेव्हाच सांगा, "बिना तर्रीची दे." तो पळीच्या पाठीनं तेल बाजूला सारतो आणि खालचा रस्सा काढतो. भाजी तीच, चव तीच, भडका निम्मा. आणि तरीही जीभ पेटलीच तर पाण्याचा तांब्या तोंडाला लावू नका. मिरचीतला जाळ पाण्यात विरघळत नाही, पाणी तो तोंडभर पसरवतं. दही किंवा दूध घ्या. दुधातलं केसिन तो जाळ धरून नेतं. नाहीतर कोरड्या भाताचा घास चावा. ताक मागितलं तर कुणी तुम्हाला हसणार नाही. इथले लोकही पितातच.

सावजीचा विषय वेगळा काढावा लागतो. हा नागपूरच्या हलबा कोष्टी विणकर समाजाचा स्वयंपाक. आता अमरावती-अकोल्यातही सावजी भोजनालयं भरपूर आहेत. काळपट मसाला, मटण, चिकन, खूर, मुंडी, सुंदरी आणि रश्श्यावर बोटभर तेल. शाकाहारी माणसानंही पाटोडी रस्सा किंवा डाळकांदा मागवून बघावा. जागा साधी असते. टेबलाच्या सनमायकाकडे बघू नका, ताटाकडे बघा. ताटं भराभर उठत असतील तर माल ताजा आहे. जायचं तर ज्या दिवशी काम उरकलंय त्या रात्री जा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सादरीकरण असेल किंवा रात्रभराचा रेल्वेप्रवास असेल, तर आदल्या रात्री सावजी खाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. सोबत मिटिंगचा पांढरा शर्टही नको.

ज्यांना तिखट अजिबात झेपत नाही त्यांनी दोन्ही शहरांच्या बाजारपेठांतली मारवाडी-गुजराती पद्धतीची भोजनालयं धरावीत. कापूस आणि धान्याच्या व्यापारामुळे हा समाज इथं जुना आहे आणि कांदा-लसूण नसलेलं जेवणही सहज मिळतं. मांसाहारी माणसाला आणखी एक वाट आहे. 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात जाईपर्यंत वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होता, अचलपूर तर त्याच्याही आधी इमादशाहीची राजधानी. त्या काळाची खूण अमरावतीच्या इतवारा-पठाण चौक भागात आणि अकोल्याच्या मोहम्मद अली रोडला भल्या सकाळी नान-निहारीच्या देगांत दिसते. या भागात रात्री उशिरापर्यंतही जेवण मिळतं, ही फिरतीवरच्या माणसाची मोठी सोय.

एक गोष्ट मी कुठल्याही परक्या गावात पाळायला सांगतो: तिथला कामकरी माणूस दुपारी जिथं जेवतो तिथं जेवा. आपल्याकडची कितीतरी मुलं आता कंपनीच्या कामानं अमेरिकेत फिरतात. मायामीला गेलेल्यानं हॉटेलातल्या महागड्या सॅलडपेक्षा क्युबन लोकांची साधी खानावळ गाठावी. 1959 च्या क्रांतीनंतर क्युबा सोडून आलेल्या लोकांनी तिथं अशा खानावळी चालू केल्या. भात, त्यावर काळ्या घेवड्याची दाट उसळ, शेजारी तळलेली पिकली केळी आणि शेवटी छोट्या कपात गोड, कडक कॉफी. त्या जेवणात लसूण-जिरं आहे, लिंबू आहे, तिखट मात्र नाही. गोमांस किंवा डुक्कर खात नसाल तर उसळीत डुकराचं मांस घातलंय का, हे तेवढं विचारून घ्या. वऱ्हाडी पोराला तिथं तिखटाची पुडी खिशात लागते, आणि मायामीच्या माणसाला इथं दह्याची वाटी लागेल.

आता ऋतूकडे या. हिवाळ्यात आलात तर नशीबवान आहात. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, वांग्याचं भरीत, हुरडा हे सगळं डिसेंबर-जानेवारीचं. याच दिवसांत चांदूरबाजार तालुक्यात बहिरमची यात्रा भरते आणि लोक तिथं मातीच्या हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी जातात. रोडगे कुठल्याही रेस्टॉरंटमध्ये मिळायचे नाहीत. जाडसर दळलेल्या कणकेचे घडी घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात, राखेत पुरून भाजतात. बाहेर काढले की फडक्यात धरून राख झटकायची, दोन्ही हातांनी दाबून फोडायचे. आत पदर सुटलेले असतात, वाफ निघत असते. त्यात चमचाभर नव्हे, वाटीभर तूप ओततात. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. हे करायला दोन-तीन तास आणि चार माणसं लागतात, म्हणून ते देवाच्या नावानं किंवा पाहुण्यांच्या नावानंच होतं. तुमचा इथला डीलर, शाखेतला सहकारी, कुणीही "रविवारी शेतात रोडगे हायेत, या" म्हणाला तर परतीचं तिकीट पुढे ढकला. खात्यावर रजा मांडावी लागली तरी हरकत नाही.

अशा आमंत्रणाला जाताना दोन गोष्टी सांभाळा. उपास असेल किंवा एखादी गोष्ट खात नसाल तर आदल्या दिवशीच सांगा, ताट वाढल्यावर नको. आणि आग्रहाचं गणित समजून घ्या. पहिल्यांदा "नको" म्हणणं हा शिष्टाचार समजतात, दुसऱ्यांदा म्हटलेलं कुणी ऐकत नाही. म्हणून पहिल्या वाढणीत निम्मंच घ्या आणि दुसऱ्या वाढणीला जागा ठेवा. "घ्या न भाऊ, काय जेवले तुम्ही?" हे तरीही ऐकावं लागेलच. बहुतेक ठिकाणी मिठाईच्या पुडक्यापेक्षा मुलांसाठी काही नेलेलं जास्त आवडतं.

उन्हाळा मात्र निर्दय असतो. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जाणं ही नवी बातमी नसते. या दिवसांत सकाळचं काम अकरापर्यंत उरका, साडेअकराला जेवून घ्या आणि बारा ते चार बाहेर पडू नका. इथले व्यापारीही दुपारी गाद्यांवर आडवे होतात, त्या वेळी भेट मागणं म्हणजे नकार मागणं. तर्री, सावजी, तळण या दिवसांत बंद. वरण-भात, ताक, पन्हं, कच्चा कांदा. उसाच्या रसात बर्फ नको म्हणून सांगा.

पाण्याबद्दल एक सूचना, खासकरून बँक, विमा, खत-बियाणं, सर्वेक्षण अशा कामांसाठी खेड्यांत जाणाऱ्यांना. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा नदीच्या खोऱ्याचा मोठा पट्टा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात येतात. तिथलं भूजल खारट. चहाची चव वेगळी लागली तर दूध नासलंय असं समजू नका. पिण्याचं पाणी शहरातून निघतानाच सोबत घ्या आणि यजमानांनी दिलेलं पाणी बाहेरून आणलेलं असतं हे लक्षात ठेवून ते उगाच सांडू नका.

दोन्ही शहरांत एकाच दिवशी काम असेल तर मधला रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा. याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनीजमध्ये नोंद झाली. रस्ता झाला तशा गाड्या सुसाट जायला लागल्या आणि लोक मधे थांबेनासे झाले. तुम्ही मूर्तिजापूरच्या आसपास थांबा. ढाब्याच्या मेनूकार्डात पुन्हा पनीरच भेटेल, ते बाजूला ठेवा आणि थेट भटारखान्यात विचारा: चून-भाकर करून द्याल का? भरीत आहे का? अर्धा तास लागेल म्हणतील. तेवढ्यात मेल उरकून घ्या.

कुठल्या दिवशी काय टाळायचं याचा विचार पाहुणा कधी करत नाही. वऱ्हाडात गजानन महाराजांचा गुरुवार मानणारी घरं असंख्य आहेत. त्या दिवशी इथल्या सहकाऱ्याला मटणाचं निमंत्रण देऊ नका. श्रावणात हे आणखी कडक. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावड यात्रा असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणून राजराजेश्वराला वाहतात. आदल्या रात्रीपासून शहरातले मुख्य रस्ते गर्दीचे असतात, त्या दिवशी अकोल्यात बैठक ठेवणाऱ्यानं पंचांग पाहिलेलं नसतं. अमरावतीत नवरात्रात अंबादेवीकडचे रस्ते असेच भरलेले असतात.

बिलाचं काय? ऑफिसात खर्च मंजूर करून घ्यायचा असतो, म्हणून हे सांगायलाच हवं. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी 5 टक्के. कंपोझिशन योजनेतलं छोटं हॉटेल गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊच शकत नाही. तसा लावला असेल तर नम्रपणे विचारा. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना तसंच सांगतात. मेस आणि सावजीवाल्याकडे मात्र छापील बिल बहुधा नसतंच. तिथं कंपनीचा जीएसटी क्रमांक घालून द्या म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण कर्मचाऱ्याच्या जेवणावरच्या कराची वजावट कंपनीला एरवीही सहसा मिळत नाही. साधी पावती लिहून घ्या, पैसे यूपीआयनं द्या म्हणजे नोंद राहते. आणि कंपनीत दिवसभत्त्याचा पर्याय असेल तर तोच निवडा. बिलाच्या कागदासाठी वाईट जेवणं हा फिरतीतला सगळ्यात महागडा व्यवहार आहे.

परतीच्या प्रवासाचं शेवटी. मुंबई-हावडा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो. अमरावती स्टेशनला फक्त फाटा येतो. रात्रीची गाडी बडनेऱ्याहून असेल तर अमरावतीतच जेवून निघा किंवा मेसमधून पोळी-भाजीचा डबा बांधून घ्या. मुंबईकडे जाताना अकोल्यानंतर शेगाव लागतं. तिथली कचोरी प्रसिद्ध आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती स्टेशनवर विकायला सुरुवात केली. डब्याच्या दारात गरम मिळाली तर घ्या, सोबतच्या तळलेल्या मिरचीसह. गार झालेली, कागदात घामेजलेली असेल तर सोडा. वेळ असेल तर शेगावला उतरून गजानन महाराज संस्थानात महाप्रसाद घ्या, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि इतकं सगळं जमत नसेल, तर निदान एवढं करा: पुढच्या वेळी अमरावतीला पोचल्यावर सकाळी दहाच्या आत एखाद्या मेसला फोन लावा.